कपाट माझं, भरतो सगळा वाडा

गेल्या जुलैत एका रविवारी कपाट उघडलं आणि तो वास आला. गोव्यात राहणाऱ्यांना कुठला वास ते सांगायला नको. डांबरगोळ्या टाकलेल्या, कोपऱ्यात ते पाणी शोषणारे डबे ठेवलेले, महिन्यापूर्वी सगळं उन्हात घालून पुन्हा रचलेलं, तरीही. नवऱ्याच्या चामडी पट्ट्याला पांढरी दाढी आलेली, माझ्या लग्नातल्या एका साडीची जर काळी पडलेली आणि सुती ब्लाऊजवर ते बारीक काळे ठिपके जे एकदा पडले की मरेपर्यंत जात नाहीत. आमच्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, आणि त्या चार महिन्यांत बंद कपाटात जे जे ठेवाल ते ते सजीव होतं असं माझं मत आहे.

तर सगळं बाहेर काढून पलंगावर टाकलं. लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एक पंखा, त्याच्याखाली कपड्यांचा डोंगर, आणि करायला दुसरं काही नाही म्हणून मोजायला बसले. साड्या 64 निघाल्या. मी नोकरीला ड्रेस घालून जाते, साडी वर्षातून पंधरा-वीस वेळा नेसते, मग 64 कुठून आल्या? आठवून आठवून चार ढीग केले. मी स्वतः दुकानात जाऊन, रंग बघून, पैसे देऊन घेतलेल्या 17. महिला मंडळाच्या 11. घरातल्या लग्नांत जावा-नणंदांनी मिळून मॅचिंग घेतलेल्या 9. आणि उरलेल्या 27 आहेराच्या, म्हणजे कुणीतरी कुणालातरी द्यायच्या म्हणून घेतल्या आणि फिरत फिरत माझ्यापाशी येऊन थांबल्या. मग उत्साहात नवऱ्याच्या टीशर्टांकडे वळले. 38. त्यातले त्याने विकत घेतलेले 6.

तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते मांडायला हा लेख लिहितेय. कमी कपडे बाळगा असं सांगणारे व्हिडिओ मी बरेच बघितलेत, चांगले असतात, बघायला आवडतात, पांढऱ्या भिंतीच्या खोलीत एक बाई दहा हँगर लावते आणि शांत हसते. ती म्हणते एकेक कपडा हातात घ्या आणि स्वतःला विचारा मला हा खरंच हवा होता का. अगं बाई, मला विचारलंच कुणी होतं? हा सगळा सल्ला असं धरून चालतो की कपाटात जे आहे ते मीच आणलंय, माझ्या हावेने, आणि मी जरा मनाला आवर घातला की प्रश्न सुटला. ते जे कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात ना, म्हणजे मोजकेच पण एकमेकांवर जुळणारे कपडे, ती कल्पना 1970 च्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ या बाईंनी पुढे आणली. तिथे ती बसते. तिथली बाई आपले कपडे आपण घेते, तिला चुलत जावेच्या भाचीच्या मुंजीत साडी मिळत नाही. आमच्या कपाटाला चार दारं आहेत आणि चावी माझ्याकडे फक्त एकाची आहे. म्हणून मला वाटतं कमी कपडे हा आपल्याकडे एकट्यादुकट्याने मनावर घेण्याचा विषय राहिलेला नाही, तो वाड्याने (म्हणजे आमच्या वस्तीने), मंडळाने, घराण्याने बसून ठरवायचा विषय आहे, आणि ते ठरत नाही तोवर मी कितीही साड्या वाटून टाकल्या तरी पुढच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तेवढ्याच परत येणार.

आता मंडळाच्या 11 साड्यांचं सांगते कारण सगळी गंमत तिथेच आहे.

आमचं मंडळ फोंड्याजवळच्या एका गावातलं, बायका 22. चवथीला फुगड्या, नंतर कुठे कुठे स्पर्धा, संक्रांतीचं हळदीकुंकू, देवळाच्या जत्रेत काहीतरी. श्रावण लागायच्या आधी बैठक होते आणि पहिला प्रश्न कुठली फुगडी घालायची हा नसतो, साडी कुठली हा असतो. रंगावरून तासभर जातो, गेल्या साली मोरपिशी होती, परवा राणी कलर, शेजारच्या गावाने लेमन घेतलाय तेव्हा लेमन नको. मग दोघी-तिघी चोर्ला घाटाने बेळगावला जातात (लग्नाची खरेदी आणि मंडळाची साडी, गोंयकाराला बेळगावशिवाय सुधरत नाही) आणि एकाच डिझाईनचे 22 पीस गाठोडं बांधून आणतात. होलसेलमध्ये साडी साडेचारशेला पडते, ब्लाऊज शिवायला पाचशे-सहाशे, म्हणजे शिलाई साडीपेक्षा महाग, फॉल-पिको वेगळं. हातात घेतली की करकर वाजणारं सिंथेटिक, पावसात अंगाला चिकटतं, फुगडी घालताना घामाने जीव जातो. स्टेजवर पंधरा मिनिटं. फोटो. मग घडी घालून कपाटात, आणि तिथून तिचं आयुष्य संपलं, कारण ती साडी परत कुठे नेसता येत नाही, बावीस घरांतल्या सगळ्यांना माहीत असतं ती मंडळाची आहे. एकदा मी नेसले होते, एका साखरपुड्याला, म्हंटलं नवीकोरी तर आहे. पंगतीत बसायच्या आत एका काकीने पदर बोटांत धरून विचारलंच, "हें कापड गेल्या वर्साचें न्हय गो?" गोव्यात साडीला नुसतं कापड म्हणतात, केवढा साधा शब्द, आणि तो एक साधा शब्द मला दिवसभर पुरला.

पुरुषांनी हसू नये. त्यांचा साडेचारशेचा कपडा दीडशेचा आहे एवढाच फरक. दिवाळीत नरकासुराचा पुतळा केला की टीशर्ट. छातीवर वाड्याचं नाव, पाठीवर वाढदिवस करणाऱ्या नेत्याचा हसरा चेहरा किंवा हार्डवेअरच्या दुकानाची जाहिरात. शिगम्याला टीशर्ट. सांजावाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, विहिरीत उड्या मारायच्या तर त्यालाही टीशर्ट. वाड्यावरची फुटबॉल टुर्नामेंट, क्रिकेट टुर्नामेंट, मॅरेथॉन, बीच क्लिनिंग. हो, प्लास्टिक गोळा करायला जाताना पॉलिएस्टरचा टीशर्ट घालून जातो आपण. निवडणुकीचं तर बोलायलाच नको. हा एकेक टीशर्ट फुकट मिळतो म्हणून त्याला नाही म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही, आणि त्यातला एकही कधी फाटत नाही हा त्याचा सगळ्यात मोठा दोष. नवरा म्हणतो घरी घालायला होतात. अरे पण घरी घालायला माणसाला 32 टीशर्ट लागतात का, तू घरी असतोस किती?

आणि आहेर. आहेराच्या साडीचं एक वैशिष्ट्य असं की ती नेसण्यासाठी घेतलेलीच नसते. घेताना विचार फक्त एवढाच की दिसायला आठशेची वाटावी आणि पडावी तीनशेला. घेणाऱ्यालाही ते कळतं, देणाऱ्यालाही माहीत असतं की कळतंय, आणि तरी दोघंही गोड हसून कुंकू लावतात. ती साडी प्लास्टिकच्या पिशवीतून निघत नाही, स्टेपल तसाच, पुढच्या लग्नात पुढच्या घरी. ब्लाऊज पिसांची तर वेगळीच चलनव्यवस्था आहे. ओटीत नारळ, तांदूळ आणि ब्लाऊज पीस. नारळाची चटणी होते, तांदळाचा भात होतो, ब्लाऊज पीस अमर. माझ्याकडे एक जांभळा पीस आहे त्याच्या कोपऱ्याला चहाचा डाग आहे, तो मी स्वतः पाडलेला, तीन वर्षांपूर्वी नजरचुकीने तोच एका घरी गेला आणि गेल्या संक्रांतीला दुसऱ्याच घरून माझ्या ओटीत परत आला. ते कापड एवढं पातळ असतं की त्याचं ब्लाऊज होत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकेकाळी ओटीतला खण म्हणजे खरोखर बाईला एक चोळी मिळायची, तिला ती हवी असायची, वर्षभर पुरायची. आता त्या कृतीची फक्त खूण राहिलीय, आणि खूण करण्यासाठी कारखान्यात खरं कापड विणलं जातंय.

इथे कुणीतरी म्हणणार की एवढं काय, देऊन टाका ना गरिबाला. मीही तेच करायचे. दरवर्षी चवथीच्या साफसफाईत दोन पोती भरायची आणि कामाला येणाऱ्या बाईच्या हवाली करून मोकळं व्हायचं, वर पुण्य. दोन वर्षांपूर्वी तिने दारातच थांबून सांगितलं, "वहिनी, रागावू नको, पण कपडे नको आता. तुझ्यासारख्या पाच घरांचे कपडे येतात, माझी खोली एक आहे, त्यात आम्ही पाच माणसं. ठेवू कुठे? टाकू कुठे?" मला लाज वाटली. इतकी वर्षं मी दान करत नव्हते, माझा कचरा तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत नेऊन ठेवत होते, आणि तिला नाही म्हणता येत नव्हतं म्हणून ती नेत होती.

2019 च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हाही हेच. आमच्याकडून मदतीचा टेम्पो गेला, कपडे द्या म्हंटल्यावर तासाभरात पोती भरली, तांदूळ-डाळ जमायला मात्र दोन दिवस लागले. पोती उघडून बघितली तर लग्नातल्या टिकल्यांच्या साड्या, पार्टीचे घागरे, एक पाय आखूड झालेली, झिप तुटलेली जीन्स. चिखल उपसणाऱ्या बाईने टिकल्यांची साडी नेसायची? निम्मं आम्हीच बाजूला काढलं. कपडा म्हणजे काय वाटेल ते देऊन टाकायची गोष्ट नव्हे, ती घेणाऱ्याच्या मानाची गोष्ट आहे, हे 'गूंज' संस्थेचे अंशू गुप्ता 1999 पासून सांगत आलेत, त्यांना 2015 मध्ये मॅगसेसे मिळालं, पण पोतं भरताना ते कोण आठवतो.

मग जातं कुठे हे सगळं? आपल्याकडे साळगावला 2016 मध्ये कचऱ्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला, पंचायती ओला-सुका वेगळा घेतात, गोवा याबाबतीत बऱ्याच राज्यांपेक्षा बरा आहे हे कबूल. पण ज्या सुक्या कचऱ्याचं पुढे काहीच होत नाही तो गासड्या बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत जाळायला पाठवला जातो, आणि पॉलिएस्टर मिसळलेल्या कपड्याचं पुढे काय होणार ते तुम्हीच बघा. लोक म्हणतात रिसायकल होतं ना, पानिपतला होतं. होतं, पानिपत त्यासाठी जगात प्रसिद्ध आहे, जुन्या लोकरी कपड्यांचा पिंजून धागा काढतात, त्याची ब्लँकेटं होतात. पण माझ्या मोरपिशी मंडळ-साडीची पुन्हा साडी होत नाही. एलन मॅकार्थर फाउंडेशनने 2017 मध्ये हिशेब मांडला होता, कपड्यांसाठी जेवढा माल वापरला जातो त्यातला 1 टक्क्याहूनही कमी पुन्हा कपड्यात येतो. श्रीमंत देशांनी 'दान' केलेले कपडे घानामध्ये अक्राच्या कांटामांतो बाजारात आणि चिलीच्या अटाकामा वाळवंटात ढिगांनी पडलेत, ते फोटो सगळ्यांनी बघितलेत, बघून आपण म्हंटलं काय हे लोक. आमच्या कामवाल्या बाईची खोली हे माझं अटाकामा होतं.

आणि हे वाढतच चाललंय. जगात सगळ्या प्रकारचा मिळून धागा 2000 साली साधारण 5 कोटी 80 लाख टन तयार व्हायचा, 2023 मध्ये तो 12 कोटी 40 लाख टनांवर गेला. माणसं काही दुप्पट झाली नाहीत मधल्या काळात. त्यातला निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर, म्हणजे शेवटी खनिज तेलच. धुतलं की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात, मशीनचं पाणी जातं गटारात नाहीतर सोकपिटात, तिथून ओहोळ, नदी. दोना पावलाच्या एनआयओमधल्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या, शास्त्रज्ञांनी साळ नदीच्या मुखाशी पाणी, गाळ आणि शिनाणे-खुबे (खायचे शिंपले) तपासले तर त्यांत प्लास्टिकचे बारीक कण सापडले, आणि त्यांत धाग्यांसारखे तुकडे भरपूर होते. सगळे माझ्या साडीतले आहेत असं मी म्हणत नाही, जाळी असतात, दोर असतात. पण शिनाणे खाताना मला आता नरकासुराचा टीशर्ट आठवतो हे खरं आहे, आणि आठवून मी ते खाते हेही खरं आहे.

बरं, या सगळ्यावर एक ठरलेली पळवाट असते ती म्हणजे पूर्वी कसं छान होतं. आजीकडे दोनच लुगडी. एक अंगावर, एक दांडीवर. फाटलं की जोड, जोड फाटला की गोधडी, गोधडी झिजली की पोतेरं, चिंधीपर्यंत प्रत्येक सुताचा हिशेब. ऐकायला फार गोड वाटतं. मी माझ्या सासूबाईंसमोर एकदा असं काहीतरी बोलले, त्यांचं बालपण पेडण्यात गेलं, त्या ताडकन म्हणाल्या, पावसात दोन्ही लुगडी ओली असली की काय करायचे ठाऊक आहे तुला? ओलं नेसून चुलीपुढे बसायचं, अंगावर वाळेपर्यंत. थंडी-तापाने माणसं मरायची. तेव्हा कुणी कमी कपड्यांचं व्रत घेतलं नव्हतं, कपडे नव्हतेच. म्हणून त्या आज एकही साडी टाकू देत नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही. ज्याने ओलं नेसून दिवस काढलेत त्याला भरलेलं कपाट म्हणजे सुरक्षितता वाटणारच. साधेपणाचं कौतुक बहुतेक वेळा त्यालाच परवडतं ज्याला उद्या लागलं तर परत विकत घेता येतं.

आपल्या कुणबी साडीचंच बघा. लाल चौकडीचं जाडंभरडं सुती कापड, शेतात चिखलात उतरायचं म्हणून आखूड नेसायचं, पदराची खांद्यावर गाठ मारायची, असं कष्टाच्या बायकांचं वस्त्र. ते विणणारे हात जवळजवळ संपत आले होते. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते कापड परत लोकांसमोर आणलं, मोठ्या शहरांच्या रॅम्पवर नेलं, 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2020 मध्ये ते गेले. त्यांनी केलं ते मोलाचंच आहे, पण आज हातमागाची खरी कुणबी साडी घ्यायची तर काही हजार मोजावे लागतात आणि जिच्या आजीची ती होती तिला साडेचारशेची जॉर्जेट परवडते. यात चूक कुणाची हा वेगळा विषय. मला त्यातून दुसरंच दिसतं. माझ्या 11 मंडळ-साड्यांचे शिलाईसकट पैसे केले तर अकरा हजारांच्या वर गेले. त्यात दोन-तीन चांगल्या हातमागाच्या साड्या आल्या असत्या, ज्या मी वीस वर्षं नेसले असते. म्हणजे आपण कमी पैशात भागवतोय असं नाही, तेवढेच पैसे आपण न नेसायच्या कपड्यात घालतोय.

सरकारही याच दिशेने ढकलतंय. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवर अडीच हजारांपर्यंत 5 टक्के जीएसटी आणि त्याहून महाग असेल तर 18 टक्के. गरिबाला स्वस्त मिळावं हा हेतू असेल, कुणी वाईट म्हणणार नाही. पण दोन वर्षांत विरणारी कुर्ती आणि पंधरा वर्षं टिकणारा हातमागाचा तयार ड्रेस यांच्याकडे कर फक्त किमतीने बघतो, टिकण्याने नाही, आणि ड्रेस तीन हजारांचा असला की तो चैनीचा.

आता आक्षेप. मी हे मंडळात बोलले तेव्हा सगळ्यात आधी आमच्या टेलरबाईच उसळल्या, त्या मंडळातच आहेत. म्हणाल्या माझं वर्षाचं कमाईचं काम चवथीच्या महिन्यात होतं, 22 ब्लाऊज म्हणजे साधं आहे का. यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. एवढंच म्हणू शकते की ते 22 ब्लाऊज त्या पंधरा रात्री जागून शिवतात, डोळे फोडून, आणि उरलेलं वर्ष लोक रेडिमेड घेतात म्हणून मशीन झाकून ठेवतात. जुन्या साडीचा ड्रेस, सैल ब्लाऊज आवळणं, घट्ट झालेला उसवून वाढवणं, बाह्या बदलणं, ही कामं त्यांच्याकडे आणली तर वर्षभर पुरतील, पण आपण आल्टरेशनला पन्नास रुपये द्यायला कुरकुरतो आणि नव्या शिलाईला सहाशे मुकाट देतो. ही सवय आपली आहे, त्यांची नाही.

दुसरा आक्षेप हौसेचा, आणि तो मला मान्य आहे, मी काही साध्वी नाही. चवथीला पोराच्या अंगात नवं शर्ट घालण्यात जो आनंद आहे तो मला काढून घ्यायचा नाही. नवं कापड, त्याला कुंकवाचं बोट, देवापुढे ठेवून मग घालायचं. पण तो आनंद होता कारण ते वर्षातून एकदाच यायचं. आता सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातसुद्धा कुरियरवाला दर आठवड्याला येतो, जूनमध्ये सेल, जुलैत सेल, मुलाला चवथीचं नवं शर्ट दाखवलं तर तो म्हणतो ठेव तिथे. हौस आपणच मारली.

तिसरा आक्षेप खरा अवघड. एका वयस्कर काकूंनी हळूच सांगितलं की आपल्या मंडळात सगळ्यांची परिस्थिती सारखी नाही, एकसारखी साडी असली की स्टेजवर कोण श्रीमंत कोण गरीब ते दिसत नाही, ते तू मोडू नको. हे मला सुचलंच नव्हतं. गणवेशामागचं तत्त्वच हे. मी दोन दिवस त्याच्यावर विचार केला. मग आठवलं की वर्गणी देताना कुणाला साडेचारशे जड जातात ते मला माहीत आहे, खजिनदार मी आहे. दोघी दरवर्षी हप्त्याने देतात, एकीने गेल्या साली बरं नाही म्हणून नाचायचंच टाळलं. म्हणजे स्टेजवर समानता दिसावी म्हणून स्टेजच्या मागे कुणीतरी कर्ज काढतंय. तरीही काकूंचं म्हणणं पूर्ण खोडून निघत नाही. मधला रस्ता काढला तो असा की साडी एकच ठेवायची, पण पाच वर्षं तीच, आणि सुती. ते बहुमताने पडलं. पाच वर्षं! एकीने तर हातच जोडले. मग ठरलं की यंदा नवी घ्यायचीच नाही, ज्याच्या घरी जी हिरवी असेल ती नेसून यायची, कुणाकडे नसेल तर दुसरीने द्यायची, म्हणजे कुणाला एक रुपया लागणार नाही.

तर गेल्या चवथीला आम्ही हिरव्यात उतरलो. 22 बायका आणि हिरव्याच्या किमान दहा जाती. पोपटी, बाटली हिरवा, शेवाळी, एकीची तर निळीच होती पण तिचं म्हणणं ती हिरवी. गणपतीपुढे घरोघरी फुगड्या घातल्या त्यात मजा आली, सुती साड्या होत्या बऱ्याच जणींच्या, कुणी घामाने हैराण झालं नाही, आणि म्हाताऱ्या बायका पदर बघून ही तुझ्या आईची ना, ही तुझ्या बारशातली ना असं ओळखत बसल्या. फोटो मात्र खरंच गबाळे आले, ते नाकारण्यात अर्थ नाही. आणि स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. निकालाचा कागद मागितला तर फुगडीत, गाण्यात, तालात आम्ही वरच्या तिघांत होतो, आपटलो ते वेशभूषेत. 20 पैकी 6.

त्या दिवशी मला कळलं की कपाटाचं मंडळाचं दार खरं कुणाच्या हातात आहे. आम्ही बैठकीत दोन तास भांडून ठरवलं ते एका नियमावलीतल्या एका ओळीने पुसून टाकलं. बक्षिसाच्या रकमेसाठी नाही हो, बायका वर्षभर त्या एका स्टेजची वाट बघतात, तिथे हिरव्याच्या दहा जातींसाठी कोण हरेल परत परत? गावोगावी अशा कितीतरी स्पर्धा होतात, फुगडीच्या, शिगम्याच्या, नरकासुराच्या, बऱ्याच ठिकाणी वर्गणीबरोबर सार्वजनिक पैसाही असतो, आणि जिथे जिथे वेशभूषेला गुण आहेत तिथे तिथे त्या गुणांसाठी दरवर्षी गाठोडी घाट उतरतात. ती ओळ काढायला खर्च शून्य आहे. काढायची नसेल तर उलटी करा, नवी साडी न घेतलेल्या पथकाला पाच गुण जास्त द्या, मग बघा जुनी कापडं कशी बाहेर येतात.

आम्ही आयोजकांना तसा अर्ज दिलाय, फेब्रुवारीत, 22 पैकी 14 सह्या आहेत. टेलरबाईंची पण आहे. उत्तर अजून नाही. मधल्या काळात मंडळाच्या ग्रुपवर यंदाच्या चवथीचा विषय निघालाय, कुणीतरी बेळगावच्या दुकानातून वाईन कलरचे फोटो टाकलेत, खाली अकरा अंगठे आलेत, आणि मी काहीतरी लिहायला घेऊन दोनदा खोडलंय.